विहिरीचं बूड

आमच्या वावरातली विहीर आज्यानं खोदली. साल नक्की कोणाला सांगता येत नाही, पण माझे बाबा तेव्हा पाळण्यात होते असं आजी सांगायची, म्हणजे १९३५-३६च्या सुमाराची गोष्ट. काटोल तालुक्यातला आमचा भाग म्हणजे वर हात-दीड हात काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. त्या पाषाणात वीस फूट रुंद आणि बेचाळीस फूट खोल असा खड्डा माणसांनी हातानं पाडला.

खोदायला वडार मंडळी आली होती. घण, सब्बल, छिन्नी आणि सुरुंगाची दारू एवढंच सामान. दोन उन्हाळे काम चाललं, तिसऱ्यात संपलं. पहिल्याच उन्हाळ्यात एक सुरुंग उडाला नाही. थोडा वेळ वाट पाहून एक जण खाली उतरला, वाकून पाहू लागला आणि तेव्हाच तो उडाला. त्या माणसाचा उजवा हात कोपरापासून गेला. आजी हे सांगताना दर वेळी म्हणायची, "हिरीनं पानी द्याच्या अगुदर रगत घेतलं." त्यानंतर आज्यानं नियम केला, की सुरुंग उडाला नाही तर त्या दिवशी विहिरीत कोणी उतरायचं नाही. रोज सकाळी माणूस उतरायच्या आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर खाली हवा खराब. ही हवा डोळ्याला दिसत नाही आणि बऱ्याचदा नाकालाही कळत नाही. आजही जुन्या विहिरीत मोटार काढायला, गाळ उपसायला उतरलेली दोन-तीन माणसं एकामागोमाग मेल्याच्या बातम्या येतात. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. विहिरीत उतरवून डिझेल इंजिन चालवलं असेल तर त्या धुराचा विषारी वायू कंदीलही ओळखत नाही, तिथं उतरूच नये.

एकतीस फुटांवर पाणी लागलं. ज्या खडकातून ते आलं त्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. बारीक भोकाभोकांचा, हलका, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड. पूर्वेच्या बाजूनं आलेला झिरा मी लहानपणी तासन्‌तास पाहिला आहे. मनगटाएवढी धार, चैत्रातही तुटत नसे. बेचाळीस फुटांवर मात्र छिन्नी बसेना असा गुळगुळीत काळा पाषाण आला. वडारांच्या म्होरक्यानं आज्याला सांगितलं, "मालक, बूड लागलं आता." तिथंच काम थांबलं.

हा पाषाण कुठून आला, हे आमच्या शाळेत कोणी सांगितलं नाही. अकरावी मॅट्रिक बंद होऊन दहावी सुरू झाली त्या सुमारास मी दहावी पास झालो आणि वावरात आलो. पुढं जे कळलं ते लोकांना विचारून आणि मिळेल ते वाचून.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला आणि पसरला. एकदाच नाही, अनेक वेळा. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग मधे बराच काळ काहीच नाही. त्या काळात वरचा भाग कुजायचा, तांबडी माती व्हायची, कुठं तळं साचायचं, झाडं उगवायची. मग पुन्हा लाव्हा. आपला अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र या थरांवर बसलेला आहे आणि पूर्वेकडे त्या पाषाणाचा काठ नागपुरापाशी येऊन संपतो. सीताबर्डीची टेकडी पाषाणाची आहे. शहर ओलांडून पूर्वेला गेलं की फार जुना, वेगळाच खडक लागतो. कामठीकडे वाळूचा दगड, सिल्लेवाडा-उमरेडकडे कोळसा. एकाच जिल्ह्यात इतके प्रकार, म्हणून नागपूर जिल्ह्यात "माझ्या साळ्याच्या वावरात इतक्या फुटांवर पाणी लागलं" या बोलण्याला फारसा अर्थ नाही. माझी मुलगी कामठीकडे दिलेली आहे. तिथं वाळूच्या दगडात बोअर केलं तर भोक ढासळतं. खालपर्यंत केसिंग उतरवून पाण्याच्या जागी जाळीचा पाईप द्यावा लागतो. आमच्याकडे पाषाण आपल्या पायावर उभा राहतो, वरच्या माती-मुरमापुरतं केसिंग पुरतं. हे पुरतं म्हणणंच आम्हाला पुढं महाग पडलं.

नागपूरच्या या दगडांचं पहिलं मोठं वर्णन केलं स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानं. तो १८४५ साली नागपुरात आला. शाळा काढली, धर्माचं काम केलं आणि फावल्या वेळात दगड गोळा केले. रॉबर्ट हंटर या सोबत्याबरोबर त्यानं नागपूरच्या आसपासच्या खडकांवर आणि त्यातल्या जीवाश्मांवर १८५५ साली लिहिलं. सीताबर्डीच्या टेकडीत पाषाणाच्या दोन थरांच्या मधे गोड्या पाण्याचा गाळ सापडतो, हे त्यानं दाखवून दिलं. म्हणजे खाली लाव्हा, वर लाव्हा आणि मधे कधीकाळचं तळं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना रात्री पूर आलेल्या नाल्यात तो बुडून गेला. ज्या माणसानं आमच्या जमिनीच्या पोटातलं तळं दाखवलं, तो आमच्याच नाल्यात वाहून गेला, हे मला नेहमी चुटपूट लावतं.

आज्याच्या काळी विहिरीवर मोट होती. बैलांनी दिवसभर धाव उतरून-चढून जेवढं पाणी काढलं, तेवढं रात्रीतून झिरा भरून देई. बैल थकायचे म्हणून विहीर वाचायची, दुसरं कारण काही नव्हतं. माझ्या लहानपणी वीज आली, तीन अश्वशक्तीची मोटार बसली. मोटेचा नाडा कितीतरी वर्षं गोठ्यात खुंटीवर लटकत होता. शेवटी बाबांनी त्यातून गुरांची दावी केली.

बोअर हा प्रकार आमच्याकडे पहिल्यांदा आला तो प्यायच्या पाण्यासाठी. हवेच्या दाबानं हातोडा आपटत पाषाण फोडणारं यंत्र महाराष्ट्रातल्या खेड्यांत आणणाऱ्यांत १९६०च्या दशकात जालन्याचं स्कॉटिश मिशन होतं. म्हणजे पुन्हा स्कॉटिशच. त्या जालन्याच्या हातपंपात सोलापूरकडे सुधारणा झाली आणि त्यावरून १९७०च्या दशकात इंडिया मार्क-२ पंप तयार झाला. जगभर गेलेला तो पंप आमच्या खेड्यात मात्र नुसता 'बोरिंग' आहे. "बोरिंगवर जाऊन येतो" म्हणजे पाणी आणायला जातो. १९७२च्या दुष्काळाच्याच सुमारास राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य विभागाचं कार्यालय तर नागपुरातच आहे. माणसं होती, ज्ञान होतं. आम्हीच विचारायला गेलो नाही.

कारण तेव्हा संत्रा आला होता. म्हणजे नागपूरकडे संत्रा भोसल्यांच्या काळापासून आहे असं सांगतात, पण आमच्या गावात कापूस मोडून बागा लागल्या त्या माझ्या तरुणपणी. संत्र्याचे दोन बहार. मृग बहाराला पावसाच्या तोंडावर फूल येतं, उन्हाळ्यात झाडाला ताणावर सोडायचं असतं. आंबिया बहाराचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत. मग ते फळ मार्च, एप्रिल, मे असं तीन महिने उन्हात सांभाळावं लागतं. भाव आंबियालाही चांगला, हमीही जास्त, म्हणून सगळे आंबियाकडे वळले. नेमकं जेव्हा विहिरीत पाणी कमी, तेव्हाच बागेला जास्त.

त्यात तिरुचेंगोडच्या गाड्या आल्या. तामिळनाडूतलं हे गाव आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही, पण बोअरच्या गाड्यांवर त्याचं नाव वाचून पाठ झालं. गाडीवाल्याला आम्ही अण्णा म्हणायचो. पोरं बिचारी घरापासून हजार मैल दूर, गाडीखालीच झोपायची, दगडाची पांढरी धूळ दिवसभर नाका-तोंडात. फार तर तोंडाला एक फडकं. त्या धुळीनं फुप्फुसं जातात, पण त्यांना सांगणार कोण? एकदा शेजारच्या वावरात गाडीचा उभा खांब विजेच्या तारेच्या चार-पाच हातांवर आला तेव्हा मी धावत जाऊन थांबवलं होतं. त्या दिवसापुरतं मी शहाणपण केलं, ते सांगून टाकतो. पुढचं सगळं शहाणपणाचं नाही.

२००४ साली उन्हाळ्यात माझी बाग सुकत होती. विहीर बाबा आणि काकांच्या वाटणीत बांधावर आलेली. अर्धी आमची, अर्धी चुलतभावाची. मी त्याला दादा म्हणतो. दिवसाआड पाळी. मला ती पुरेना. पाणाड्या आणला, त्यानं तळहातावर नारळ घेऊन वावरभर फिरून जागा दाखवली. विहिरीपासून तीनशे फुटांवर, थोडी चढावर. रात्री दहाला गाडी लागली.

चाळीस फूट केसिंग उतरलं. पन्नासच्या पुढं चिखल यायला लागला, मांजऱ्या ओला होता. अण्णा म्हणाला, "आधा इंच है, और जाएगा तो बढ़ेगा." साठ फुटांनंतर काळा पाषाण, पंचाण्णवपर्यंत. शंभराला गेरूसारखी तांबडी माती आली, मग पुन्हा पाषाण. दोनशे, तीनशे. तीनशेनंतर दर शंभर फुटाला भाव चढतो. गाडीवाल्याचे पैसे फुटावर असतात, पाण्यावर नाही, म्हणून त्याला थांबायचं कारण नसतं. आणि आपण पाचशे फुटांचे पैसे मातीत घातलेले असतात, म्हणून आपल्यालाही थांबवत नाही. सातशे दहा फुटांवर पहाटे गाडी बंद केली तेव्हा भोकातून नुसती धूळ उडत होती. वरचं अर्धा इंच पाणी कुठं गेलं, हे मी विचारलं नाही. गाडीवाल्यानंही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या जागी बोअर केलं. केसिंगचे पैसे वाचवायला फेल गेलेल्या बोअरचं केसिंग जॅक लावून उपसलं आणि नव्याला घातलं. सगळेच तसं करत. जुन्या भोकावर फरशी ठेवली, वरून पोतं आणि माती. नव्या बोअरला पाचशे साठला दीड इंच पाणी लागलं आणि मी गावात पेढे वाटले.

२००६च्या जुलैत हरियाणात पाच वर्षांचा एक पोरगा उघड्या बोअरमध्ये पडला. सुमारे पन्नास तासांनी सैन्यानं त्याला जिवंत काढलं. सगळा देश टीव्हीसमोर बसला होता, आमचंही घर. जेवणं झाली नाहीत त्या रात्री. पण मला माझं भोक आठवलं नाही. खरं सांगतो, आठवलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर संत्रा तोडायला मजूर आले होते. एका बाईची तीन-चार वर्षांची पोरगी बागेत खेळत होती. पावसात फरशीखालची माती खचून फरशी तिरपी झाली होती, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. पोरगी तिच्यावर उभी राहिली आणि फरशी कलंडली. भोक साडेसहा इंचाचं, पण केसिंग उपसल्यावर वरची माती ढासळून तोंड हात-दीड हात रुंद झालं होतं. पोतं आत अडकलेलं, म्हणून ती कमरेपर्यंतच गेली. आई दहा पावलांवर होती. तिनं दंडाला धरून ओढून काढलं. पायातली एक चप्पल गेली. लाल प्लास्टिकची होती. आम्ही सगळे उभे राहून कान देत होतो, पण खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

ती बाई मला एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी हिशेब मागितला आणि पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. मी चपलेचे पैसे द्यायला गेलो, ते तिनं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भोकाच्या तोंडावर सिमेंटचा जाड ओटा करून टाकला. मला वाटलं, काम झालं.

इकडे विहीर उतरत चालली होती. आधी चैत्रात दहा फूट पाणी असायचं, ते सहावर आलं, मग तीनवर. २००९च्या उन्हाळ्यात आज्याच्या विहिरीचं बूड आम्ही पहिल्यांदा उन्हात पाहिलं. मला बोअर होतं, माझी बाग जगली. दादाकडे बोअरला पैसे नव्हते, त्याची सगळी भिस्त विहिरीवर. त्याची दोनशे झाडं वाळली. श्रावणात त्यानं ती तोडून जळाऊ लाकूड म्हणून विकली. गाडी माझ्या बांधावरून गेली. मी म्हटलं, "दादा, पाऊसच कमी पडून राहिला." तो म्हणाला, "हो, पाऊसच कमी हाय." त्याला भांडण करता आलं असतं, चार लोकांत बोलता आलं असतं. त्यानं काहीच केलं नाही. फक्त घरी येणं कमी केलं.

२०१२ साली भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक भूवैज्ञानिक आमच्या नात्यातल्या लग्नाला आले होते. त्यांना मी वावरात नेलं. त्यांनी विहीर पाहिली, झिऱ्याची कोरडी जागा बोटानं चाचपली आणि विचारलं, "जवळपास बंद पडलेलं बोअर आहे?" मी ओटा दाखवला. "फोडा," म्हणाले. फोडला. ते गुडघ्यावर बसले, भोकाला कान लावला आणि मला म्हणाले, "ऐका." खाली पाणी पडत होतं. पोकळ जागेत नळ गळावा तसा आवाज. मग त्यांनी घरून आरसा आणायला लावला. ऊन आरशावर घेऊन भोकात सोडलं. पन्नास-साठ फुटांवर भिंत चकाकत होती, तिच्यावरून पाणी ओघळत खाली अंधारात जात होतं. आठ वर्षं ते तसंच चाललं होतं.

त्यांनी काडीनं मातीत रेघा काढून समजावलं. पाषाणाचा प्रत्येक थर वरच्या बाजूला भोकाचा, कुजका, भेगाळ असतो. पाणी तिथं राहतं. थराचा मधला भाग घट्ट असतो, तो वरचं पाणी धरून ठेवतो, ताटासारखं. विहीर त्या ताटातलं पाणी पिते. बोअर ताटाला भोक पाडून पुढं जातं. खालच्या भेगांत पूर्वी पाणी होतं, त्यावर दाब होता, म्हणून वरचं खाली जात नव्हतं. आता सगळ्या तालुक्यानं सात-आठशे फुटांची बोअरं करून खालच्या भेगा उपसल्या, त्या रिकाम्या झाल्या. मग जिथं उघडं भोक मिळेल तिथून वरचं पाणी खाली जातं. "तुम्ही पाणी उपसलं नाही तरी चालतं," ते म्हणाले. "फेल बोअरसुद्धा पाणी पितं. रात्रंदिवस, लोडशेडिंगशिवाय."

मग मी वहीत हिशेब मांडला. घरातली तोटी पूर्ण उघडली तर मिनिटाला दहाएक लिटर पाणी देते. भोकातली धार एवढीच धरली तरी दिवसाला १४,४०० लिटर, वर्षाला ५२ लाखांवर. आमच्या विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे ८९ हजार लिटर. म्हणजे दर सहा दिवसांनी एक विहीर भोकात जात होती.

दुसरा हिशेब त्यांनी करायला लावला, तो जास्त वाईट निघाला. आमच्यासारख्या पाषाणात शंभर घनफूट खडकातून निघणारं पाणी साधारण दोन घनफूट. म्हणजे एका एकराखालची पातळी एक मीटर उतरली तर मिळतं जेमतेम ८१ हजार लिटर. वीस-वीस फुटांवर लावलेल्या एकरभर बागेत १०९ झाडं. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात रोज १२० लिटर धरले तर दिवसाला १३ हजार. एक मीटर पाणी सहा दिवस. वर्षाकाठी हजार मिलीमीटर पाऊस पडला तर एकरावर ४० लाख लिटर पडतो. त्यातला दहावा हिस्सा मुरला असं धरलं तर चार लाख. एका एकराच्या पावसाचं मुरलेलं पाणी बागेला एक महिना पुरतं. उन्हाळा चार महिन्यांचा. म्हणजे एक एकर आंबिया चार एकरांचा पाऊस पितो, आणि आमच्या शिवारात बागेशेजारी बागच आहे. वरुड-मोर्शीचं नाव अतिशोषित तालुक्यांच्या यादीत येऊन बरीच वर्षं झाली, ते का ते त्या दिवशी मला कळलं. आठशे फुटांवरचं पाणी हे नवं पाणी नसतं. ते कधीकाळी मुरलेलं असतं आणि एकदा काढलं की आपल्या हयातीत फारसं भरत नाही.

कायदे सगळे झालेले आहेत. १९९३च्या कायद्यानं सार्वजनिक प्यायच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई होती. नवा भूजल कायदा १ जून २०१४पासून लागू झाला, त्यात ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली शेतीसाठी जायला बंदी आहे. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडून मरत होती म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली स्वतःहून हुकूम काढला. बोअर करायच्या पंधरा दिवस आधी कळवायचं, गाडीवाल्याची नोंदणी पाहिजे, कामाच्या जागी फलक आणि कुंपण पाहिजे, केसिंगभोवती अर्धा मीटर लांब-रुंद आणि तीस सेंटिमीटर जमिनीत, तीस वर असा सिमेंटचा ओटा पाहिजे, तोंडावर पोलादी झाकण पाहिजे, मोटार काढली तरी भोक उघडं ठेवायचं नाही. आणि सोडून दिलेलं बोअर तळापासून वरपर्यंत भरायचं. तळापासून. मी नुसतं झाकण केलं होतं. झाकणानं लेकरू वाचतं, पण विहीर वाचत नाही.

आमच्या तालुक्यात आजही रात्री गाडी लागते आणि पहाटे निघून जाते. दोनशे फुटांवर थांबलेलं बोअर मी अजून पाहिलं नाही.

२०१३च्या उन्हाळ्यात ते भोक भरायला घेतलं. साडेसहा इंचाच्या सातशे दहा फूट भोकात माल किती लागतो? ब्रासच्या हिशेबानं दीडपेक्षा थोडा जास्त, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. एवढंच. बोअरला घातले त्याच्या चिमूटभरही पैसे लागले नाहीत. पण घाई करून चालत नाही. खडी भरभर ओतली की मधेच अडकते आणि खाली पोकळी राहते. टोपल्यानं थोडं थोडं टाकायचं, दर थोड्या वेळानं वजन बांधलेली दोरी सोडून कुठवर आलं ते मोजायचं. खाली बारीक खडी आणि बोअरचाच निघालेला चुरा. पंचाण्णव फुटांपर्यंत आलो. त्याच्या वर काळ्या पाषाणाचा पट्टा, ताटाचं बूड. तिथं सिमेंटचा घट्ट काला, पण वरून ओतला नाही. पाईप खालपर्यंत सोडून त्यातून सोडला आणि जसजसा भरला तसतसा पाईप वर ओढला. पाच पोती सिमेंट लागलं. त्याच्या वर मांजऱ्यासमोर पुन्हा बारीक खडी, म्हणजे झिऱ्याची वाट अडायची नाही. सगळ्यात वर दहा-बारा फूट चिकण माती ठोकून, म्हणजे शेणखताचं, फवारणीचं पाणी आत जायचं नाही. याच कारणानं चालू बोअरच्याही केसिंगभोवती वरचे काही फूट सिमेंटनं बंद करायला पाहिजेत, आणि पुनर्भरण म्हणून बागेतलं गढूळ पाणी गाळल्याशिवाय बोअरमध्ये सोडणारे लोक आहेत, त्यांना तर हात जोडावेसे वाटतात.

दोन दिवस काम चाललं. पहिल्या दिवशी दुपारी दादा बांधावर येऊन उभा राहिला. काय चाललं ते विचारलं. मी सांगितलं, सगळं सांगितलं. आरसा, आवाज, आठ वर्षं. तो बराच वेळ टोपल्याकडे पाहत होता.

"म्हंजे माही हिर तुह्या बोअरनं पेली," तो म्हणाला.

"हो दादा."

"मले वाटलंच होतं." मग थोड्या वेळानं, "तुले मालूम नव्हतं न?"

"नव्हतं. पण विचारलंही नाही म्या कोणाले."

त्यानं धोतर खोचलं आणि टोपलं उचललं.

त्या पावसाळ्यात विदर्भात धो धो पाऊस झाला, म्हणून विहिरीत आलेल्या पाण्याचं श्रेय भरलेल्या भोकाला किती आणि पावसाला किती, हे मी सांगणार नाही. पुढच्या वर्षांचं सांगतो. झिरा पूर्वीसारखा झाला नाही. मनगटाएवढा होता, आता करंगळीएवढा आहे. २०१८ला काटोल, नरखेड, कळमेश्वर दुष्काळी जाहीर झाले. २०१९च्या उन्हाळ्यात तालुक्यात बागाच्या बागा वाळल्या, माझं पाचशे साठ फुटांचं बोअरही कोरडं पडलं. विहिरीत तेव्हा साडेतीन फूट पाणी होतं. त्यावर आम्ही दोघांनी मिळून ऐंशी झाडं जगवली, चाळीस त्याची, चाळीस माझी, नळीनं, झाडाखाली गवत-कडबा पसरून. बाकीची मी तोडली. आता त्या जागी तूर आणि थोडा मृग बहार आहे.

पाचशे साठवालं बोअरही आम्ही भरलं. मग गावात मोजायला निघालो. सव्वाशे उंबऱ्यांच्या शिवारात एकोणसाठ बंद बोअरं सापडली. काहींवर फरशी, काहींवर फुटकं मडकं, एकावर काट्याचं झुडूप आणि अकरा साफ उघडी. आजवर चौदा भरून झाली. ट्रॅक्टर माझा, दोरी दादाची. लोक हसतात, पण ट्रॉली दारात उभी राहिली की नाही म्हणत नाहीत. पंधरावं मारोतीच्या देवळामागं आहे, अंगणवाडीपासून शंभर पावलांवर. मालक नागपूरला राहतो. त्याला फोन केला, तर म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो. आम्ही वाट पाहिली नाही, कालच खडी टाकून आलो.